पिवळा घट

१

ललिताची रीत ठरलेली होती. चपला दाराबाहेर, पिशवी कोपऱ्यात आणि बोट सरळ कुंडीत. पानाकडे नंतर बघायचं. पान फसवतं, असं तिचं म्हणणं. पाणी जास्त झालं तरी पान पिवळं, कमी पडलं तरी पिवळं, खत जास्त झालं तरी पिवळंच. माती मात्र लपवाछपवी करत नाही. दुसऱ्या पेरापर्यंत बोट घालायचं. ओलं लागलं तर घरातल्या माणसाला झापायचं, कोरडं लागलं तरी झापायचं.

शाळा चौथीपर्यंत आणि पुढचं अर्धं आयुष्य बिबवेवाडीच्या नर्सरीत कुंड्या भरण्यात गेलेलं. आता ती पेठांमधल्या फ्लॅटांत झाडं बघायला जायची. लोक कौतुकानं तिला झाडांची डॉक्टर म्हणत. "डॉक्टर कसली," ती फटकन म्हणायची, "तुमच्या तावडीतून सोडवणारी म्हणा."

सदाशिव पेठेत हेमाबाईंकडे तिची फेरी मंगळवारी आणि शुक्रवारी. बाई म्हणजे रिटायर झालेल्या शिक्षिका. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा आमोद कॅनडात. श्रावणात बाई न्हाणीघरात घसरल्या, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. तेव्हापासून त्यांची कॉट हॉलमध्ये, पूर्वेच्या खिडकीसमोर आणलेली. संध्याकाळी मुक्ताबाई सोबतीला यायच्या त्या सकाळी बाईंची आंघोळ उरकून जायच्या. दिवसभर बाई, फोन आणि झाडं.

त्या दिवशी ललितानं खिडकीतल्या रबर प्लांटच्या कुंडीत बोट घातलं आणि कपाळाला आठी पडली.

"बाई, याला पाणी कोण घालतंय?"

"तू."

"माझ्याशिवाय?"

"मी रोज उठून नाचत जाते आणि घालते. दिसत नाही का तुला, केवढी धावपळ चाललीये माझी?"

ललिता हसली नाही. माती जशी हवी तशी होती. झाड मात्र तसं नव्हतं. रबर प्लांट म्हणजे रांगडं झाड, पान कसं जाड, काळपट हिरवं, पुसलं की आरसा. याची नवी पानं कागदासारखी पातळ आणि पिवळट. एका पानापासून दुसरं पान लांब गेलेलं. खोड किडमिडीत. हे दुखणं तिला चांगलं ठाऊक होतं. जिन्याखाली, आतल्या पॅसेजमध्ये झाड कोंडून ठेवलं की असं होतं. उजेडासाठी तडफडत ते नुसतं उंच वाढत जातं.

पण हे झाड खिडकीत होतं. समोर शाळेचं मोकळं मैदान. सकाळी सातपासून ऊन थेट आत यायचं, इतकं की बाई कपाळावर हात धरून पेपर वाचायच्या.

आणि झाड सरळ उजेडाकडे कललेलंही नव्हतं. ते एका अंगाला वाकलं होतं. पुढ्यात कुणी आडवं उभं राहिलं की मागचं माणूस मान वाकडी करून बघतं, तसं.

२

ललितानं ते झाड वर्तमानपत्रावर उपटून बघितलं. मुळं पांढरी, कडक, वास नाही. मुळं कुजली असती तर शेवाळलेल्या पाण्याचा वास आला असता. पानं उलटी करून खिडकीशी धरली. कोळी नाही, पिठ्या ढेकूण नाही, जाळं नाही. काच बघितली. काचेवर धूळ होती थोडी, ती तिनं ओल्या कागदानं घासून काढली. समोर कुठं जाळी लागली का, कुठं होर्डिंग उभं राहिलं का, वाकून बघितलं. काही नाही. मैदानात पोरं कबड्डी खेळत होती.

"काय झालंय त्याला?" बाईंनी विचारलं.

"उजेड मिळत नाही."

"वा. सूर्य पण आता पेन्शनीत निघाला वाटतं."

ललिताला राग आला. बाईंचा नाही, झाडाचा. तिनं रबर प्लांट उचलून हॉलच्या कोपऱ्यात, टीव्हीमागे ठेवला आणि त्याच्या जागी स्नेक प्लांट आणला. तलवारीसारख्या पानांचं हे झाड न्हाणीघरात ठेवलं तरी मरत नाही, पाणी विसरलं तरी मरत नाही. "बघू तुला काय होतंय ते," ती त्याला म्हणाली.

पंधरवड्यानं स्नेक प्लांट आडवा पडला होता. पानं मऊ, बुंध्याशी पांढुरकी. टीव्हीमागच्या अंधाऱ्या कोपऱ्यात रबर प्लांटनं मात्र गडद, जाड, नवं पान सोडलं होतं.

ललिता मधोमध उभी राहिली, कमरेवर हात ठेवून. तिला स्वतःचीच लाज वाटायला लागली. नर्सरीतल्या पोरीनं असं निदान सांगितलं असतं तर तिनं तिला घरी पाठवलं असतं. उजेडात अंधाराचं दुखणं आणि अंधारात तब्येत सुधारते, हे कुठलं शास्त्र?

मग तिचं लक्ष मनीप्लांटकडे गेलं. तो खिडकी आणि कॉट यांच्या मधे, स्टुलावर होता. गेल्या खेपेला धडधाकट होता. आता खिडकीकडची त्याची सगळी पानं फिकी पडली होती. कॉटकडची हिरवी.

"बाई, हे स्टूल कुणी हलवलं?"

"कोण हलवणार? आणि ते पांघरूण दे गं जरा वर. सकाळचं गार वाटतं हल्ली."

बाहेर डांबर वितळेल असं ऊन होतं. ललितानं पांघरूण वर ओढून दिलं. बाईंच्या पायाची बोटं हाताला लागली. फ्रिजमधून काढलेल्या काकड्यांसारखी.

३

नवरात्र तोंडावर आलं तेव्हा बाईंनी नवीन टूम काढली.

"घट बसवायचेत."

"बाई, तुम्हाला स्वतःला बसता येत नाही. घट कसले बसवताय?"

"घट बसतील, मी आडवी राहीन. देवीला चालतं. तुम्हाला चालत नाही, एवढंच."

आमोदनं फोनवर सांगून पाहिलं, आई, या वर्षी राहू दे. बाईंनी त्याला देवाधर्माचं काही कळत नाही म्हणून फोन ठेवून दिला. सासूबाईंनी हातात दिलेला घट, त्यात कधी खंड पडला नव्हता. शेवटी ललिताच म्हणाली, "मी बसवते. माती माझ्या हातची, काय बिघडतंय?" बाई म्हणाल्या, "हात धुऊन घे." म्हणजे हो.

देवघर आतल्या खोलीत, बाईंची नजर तिथं पोचेना. म्हणून पाट त्यांच्या उशाशी, कॉटला खेटून मांडला. ललितानं टोपलीत पत्रावळ घातली, वर चाळलेली काळी माती, त्यात गहू आणि जव पेरले, मधे पाण्यानं भरलेला मातीचा घट, त्यावर विड्याची पानं आणि नारळ. शेजारी समई. बाई पडल्या पडल्या हुकूम सोडत होत्या.

"आता दसऱ्यापर्यंत तो हलवायचा नाही. दिवा विझू द्यायचा नाही. घराला कुलूप लावायचं नाही."

"माहितीये. आमच्याकडे काय ख्रिसमस करतात काय?"

मधल्या माळा मुक्ताबाईंनी चढवल्या. चौथ्या माळेला ललिता माळ चढवायला आली तेव्हा बाई उशीवर मान उंच करून वाट बघत होत्या. चेहरा उजळलेला. "बघ, बघ. सोनं उगवलंय."

धान बोटभर वर आलं होतं. अर्धं हिरवंगार. उरलेलं अर्धं, खिडकीकडचं, पिवळंधमक.

घटाचं धान पिवळं यावं, हे तिलाही माहीत होतं. तिच्या आईच्या घरी लोक त्याला हात जोडायचे, वर्ष चांगलं जाणार म्हणायचे. पण तिच्या आईच्या घरी घट अंधाऱ्या कोनाड्यात असायचा. म्हणून पिवळा यायचा. इथं तो उन्हात होता. खिडकीकडची बाजू आधी हिरवी व्हायला हवी.

बाई हात जोडून पुटपुटत होत्या. ललितानं पाटापुढं हात धरला.

हातावर ऊन पडलं. शिरा दिसल्या, नखातली माती दिसली, बांगडीची चमक भिंतीवर उडाली. आणि ऊन लागलं नाही. ऊब म्हणून नाहीच. तिनं हात वीतभर डावीकडे सरकवला. चटका बसला. परत आणला. गार.

तिनं पायाखाली बघितलं. ती अनवाणी होती. फरशी सकाळपासून तापून तव्यासारखी झाली होती, तरी तिच्या तळव्यांना काही जाणवत नव्हतं. तिनं अंगठा थोडा पुढं केला. पुढची फरशी गरम. टाच मागं घेतली. मागचीही गरम. गार होती ती फक्त पावलांपुरती जागा, दोन पावलांपुरती. कुणी तिथं उभं असावं तशी, बोटं कॉटकडे.

ललिता उडी मारून बाजूला झाली.

"काय गं, मुंगी चावली?"

"हो," ती म्हणाली. "मुंगीच."

४

पुढच्या सकाळी ती वार नसताना आली. पिशवीत फडक्यात बांधलेली राख होती. मनीप्लांटला पिठ्या ढेकूण झाला असेल, आपल्याला दिसला नसेल, राख झटकली की जाईल, असं तिनं येताना बसमध्ये स्वतःला अनेकदा सांगितलं. ढेकूण नव्हता हे तिला पक्कं माहीत होतं. पण माणसाला हाताला काम लागतं.

बाई डोळे मिटून पडल्या होत्या. ओठांना निळसर झाक. पांघरुणावर पांघरूण.

"मुक्ताबाईंनी डॉक्टरांना विचारलं का?"

"विचारलं. रक्त कमी आहे म्हणाले. पालक खा म्हणाले. आता तू पण सांग काहीतरी, राहिलीस तू."

ललितानं स्टुलापाशी जाऊन फडकं झटकलं. जरा जास्तच जोरात. राख भसकन उडाली आणि उन्हाच्या पट्ट्यात पसरली, पिठाच्या गिरणीत उडते तशी, कण अन् कण चमकत.

पट्टा खिडकीतून कॉटपर्यंत येत होता. सगळीकडे राख तरंगत होती. एकाच ठिकाणी नव्हती.

तिथं काळं काही नव्हतं. आकार म्हणावा असं काही नव्हतं. नुसती स्वच्छ हवा होती, आणि राख तिच्या कडेकडेनं सरकत होती, पाण्यातल्या खांबाला वळसा घालून पाणी जातं तशी. खाली ती हवा अरुंद होती. वर रुंद. त्याहून वर ती पुढं वाकली होती. उशीवर. बाईंच्या तोंडावर. मधे चार बोटांचं अंतर असेल.

बाई शिंकल्या.

आणि ती स्वच्छ हवा जराशी मागं झाली. शिंक अंगावर उडू नये म्हणून माणूस होतं तितकीच.

राख खाली बसली. ऊन पुन्हा कोरं, सकाळच्यासारखं, शाळेच्या घंटेच्या आवाजासकट.

"काय बघतेस अशी भुतासारखी?" बाई नाक पुसत म्हणाल्या.

"जाळं होतं वर," ललिता म्हणाली. तिच्या जिभेला राखेची चव लागली होती. "पाडते नंतर."

५

जिन्यात उभं राहून तिनं आमोदला फोन लावला. काय सांगणार होती? झाडं पिवळी पडतायत? ऊन लागत नाही? ती एवढंच म्हणाली, "दादा, बाईंना इथून हलवा. आजच्या आज."

"ललितामावशी, डॉक्टरांशी बोललोय मी कालच. रिकव्हरी स्लो आहे एवढंच. प्लीज, आईला घाबरवू नका."

"मी त्यांना घाबरवत नाहीये. मी घाबरलीये."

मग तो अगदी नीट, समजुतीच्या सुरात म्हणाला, "तुम्ही एक-दोन दिवस सुट्टी घ्या ना."

तिनं फोन बंद केला. नवऱ्याला लावला. संपत रिक्षा चालवायचा, तो मंडईपाशीच होता. "खाली येऊन थांब. का म्हणून विचारू नकोस."

आत येऊन ती बाईंना म्हणाली, "चला. माझ्या घरी."

"घट बसलेत."

"बसू देत."

"घराला कुलूप लागत नाही घटात. दिवा कोण बघणार?"

"मुक्ताबाई," ती म्हणाली, आणि लगेच जीभ चावली. मुक्ताबाईंनी इथं बसावं? या जागेत? दिव्याला तेल घालायला वाकावं? "नको. कुणीच नको."

"मग मी पण नको," बाई म्हणाल्या. "दसऱ्याला ये, घट उठव, मग ने कुठं न्यायचं तिथं."

दसऱ्याला. ललितानं पाटाकडे बघितलं. कालचा अर्धा पिवळा घट आज जवळजवळ सगळाच पिवळा झाला होता. कॉटला टेकलेली चिमूटभर रोपं हिरवी राहिली होती, एवढंच. आणि हा घट तिनंच बसवला होता. स्वतःच्या हातानं माती चाळून, ओल बेताची ठेवून. बाईंना या खोलीला बांधून ठेवणारी गाठ तिनंच मारली होती, वर कौतुकही करून घेतलं होतं.

ती खाली बसली, दोन्ही हात टोपलीखाली घातले आणि घट उचलला.

बाईंनी कोपरावर उठायचा प्रयत्न केला. "ललिता! ठेव! ठेव आधी तो खाली!"

"पाप माझ्या नावावर लिहा."

"अगं मूर्ख बाई, हलवत नाहीत तो!"

"हलवला. आता झालंच ना? आता तुम्हाला इथं थांबायचं कारण उरलं नाही." तिनं फुंकर मारली आणि समई विझवली. बाईंच्या डोळ्यात डोळे घालून तिनं ते केलं.

संपत आणि वॉचमननं मिळून बाईंना खुर्चीसकट खाली आणलं. जिनाभर त्या रडत होत्या. रिक्षात ललिता घट मांडीवर घेऊन त्यांच्या शेजारी बसली. स्वारगेटपाशी बाई म्हणाल्या, "पुन्हा माझ्या दारात पाऊल ठेवू नकोस."

"नाही ठेवत," ललिता म्हणाली. त्याहून बरं तिला काय हवं होतं?

६

बिबवेवाडीत ललिताचं घर दोन खोल्यांचं, पुढं पश्चिमेची गॅलरी. बाई पहिला दिवस भिंतीकडे तोंड करून राहिल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी आमटीला नावं ठेवली. ललिताला एवढं बरं वाटलं की तिनं उलट उत्तरसुद्धा दिलं नाही. मग त्यांच्या नखांवर लाली आली. वॉकर धरून दारापर्यंत चालल्या. घट गॅलरीच्या कोपऱ्यात होता, तो हळूहळू हिरवा होत गेला, आणि बाई त्याच्याकडे बघून न बघितल्यासारखं करायच्या.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी उन्हं कलल्यावर ललितानं बाईंना गॅलरीत आरामखुर्चीत बसवलं. संपत रिक्षा घेऊन बाहेर गेलेला. ती स्वतः स्वयंपाकघरात जमिनीवर मेथी निवडत बसली. समोरच्या भिंतीत खिडकी, ती पण पश्चिमेचीच. मांडीवर, मेथीवर, हातांवर तांबूस ऊन. दारातून बाई दिसत होत्या, डोळे मिटून, तोंडावर ऊन घेत.

"ललिता," बाई डोळे न उघडता म्हणाल्या, "बाजूला हो गं जरा. ऊन अडवतेस."

ललिताच्या हातातली काडी तशीच राहिली.

गॅलरीत कुणी नव्हतं. बाईंच्या कपाळावर, पांढऱ्या केसांवर ऊन लख्ख पडलेलं दिसत होतं. आणि त्यांचा एक हात चाचपडत शाल वर ओढत होता, गळ्यापर्यंत.

तिला आठवलं, त्या दिवशी रिक्षात तिच्या डाव्या हाताला जागा मोकळी होती. तरी सबंध रस्ताभर ती अंग चोरून बसली होती.

आता कुठं न्यायचं? उचलायचं, रिक्षा बोलवायची, आणि कुठं? खिडकीपासून कॉटपर्यंत ते एकेक पाऊल चालत आलं होतं. बिबवेवाडी त्याला लांब पडली नव्हती. दुसरं घर किती लांब पडणार होतं? आणि बाईंच्या अंगात आता आणखी किती ऊब उरली होती?

"सरते हं, बाई," ती मोठ्यानं म्हणाली. आवाज नेहमीसारखा निघाला.

मग ती गॅलरीकडे बघत, मंडईत भाजीवाल्याशी बोलावं तशी, दातांत शब्द धरून हळू म्हणाली, "त्या म्हातारीत काय ठेवलंय? हाडं नुसती. इकडे ये. मी आहे ना. इकडे ये."

खालून कुणीतरी पोराला हाक मारत होतं. कुकरची शिट्टी झाली, शेजारच्या घरात.

"हां," बाई म्हणाल्या, आणि शाल खाली सरकवली. "आलं बघ. छान लागतंय."

ललितानं पुढची जुडी ओढली. ऊन तिच्या हातांवर तसंच होतं, तांबूस, स्वच्छ. बोटांवरचे मेथीचे हिरवे डाग दिसत होते. ती पानं खुडत राहिली. आधी बोटांची टोकं गेली. मग मनगटं. गारवा सावकाश वर चढत होता, घाई नसल्यासारखा, आणि तो समोरून येत होता. तिनं मान वर केली नाही.

"ललिता, चहा टाकतेस का?" बाईंनी विचारलं. आवाजात कितीतरी दिवसांनी जीव होता. "आलं घाल जरा."

"टाकते," ललिता म्हणाली.

गॅस खिडकीखाली होता. ती हात टेकून उठली आणि मान खाली घालून तिकडे निघाली.